आर्थिक स्वातंत्र्य वाढलं की बँका कार्यक्षम होतात का?

अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. आर्थिक स्वातंत्र्याच्या निर्देशांकांत ज्या देशांचा क्रमांक वरचा, तिथल्या बँका जास्त कार्यक्षम असतात असं त्याने शोधनिबंधांत वाचलं आहे. हे भारताला लागू पडतं का, आणि पडत असेल तर सरकारी बँका विकून टाकायला हव्यात का, असं तो विचारतो. त्याला यावर प्रबंध लिहायचा आहे. माझी नोकरी एका सरकारी बँकेच्या कर्ज विभागात गेली, त्यामुळे माझं उत्तर कर्जाच्या फायलीच्या बाजूने येणार. निर्देशांकांचा अभ्यास नंतरचा, हौसेचा.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. मोकळीक मिळाली की बँक सुधारते हे बऱ्याच अंशी खरं आहे, पण कोणती मोकळीक हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. व्याजदर ठरवण्याची, शाखा उघडण्याची, नवे धंदे करण्याची मोकळीक यांवर भरपूर लिहिलं जातं. माझ्या मते बँकेचं नशीब दोन साध्या गोष्टींवर ठरतं: नको त्या कर्जदाराला 'नाही' म्हणता येतं का, आणि दिलेले पैसे कायद्याने वेळेत परत मिळवता येतात का. या दोन नसतील तर बाकीच्या सवलती मिळून बँक फक्त जास्त वेगाने बुडते.

आता संशोधनाकडे. कोर्टारियास, जिरार्डोने आणि व्हेंटुरी यांनी २०१३ मध्ये युरोपीय संघातल्या बँकांवर निबंध प्रसिद्ध केला. वित्तीय स्वातंत्र्य जास्त असलेल्या देशांत बँका कमी खर्चात जास्त काम करतात, असं त्यांना आढळलं. तुम्ही वाचलेलं बहुधा हेच. त्याच वर्षी बार्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ७२ देशांचा, १९९९ ते २००७ या काळाचा अभ्यास आला. बँकांनी काय करावं, काय करू नये यावरचे निर्बंध वाढले की कार्यक्षमता घटते, हे त्यातही दिसलं. पण त्याच अभ्यासात भांडवलाचे नियम कडक असणं थोडंसं का होईना, कार्यक्षमतेच्या बाजूने निघालं. आणि देखरेख करणारी संस्था स्वतंत्र असेल तर तिचे कडक अधिकारही फायद्याचे ठरले. हा दुसरा भाग उद्धृत करायचं बरेच जण विसरतात.

निर्देशांकाचीही एक अडचण आहे. हेरिटेज फाउंडेशन या अमेरिकी संस्थेचा आर्थिक स्वातंत्र्याचा आकडा बारा घटकांचा मिळून होतो: मालमत्तेचे हक्क, न्यायव्यवस्था, सरकारी खर्च, करभार, कामगार कायदे, व्यापार, वित्तीय स्वातंत्र्य आणि आणखी काही. फ्रेझर इन्स्टिट्यूटचा निर्देशांक पाच मोठ्या गटांचा आहे. आता सरकारने आयकर कमी केला आणि देशाचा गुण वाढला, तर सोलापूरच्या शाखेतल्या कर्जाची वसुली त्याने कशी सुधारेल? एकूण गुण घेऊन बँकेची कार्यक्षमता तपासणं म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या तापाची सरासरी काढून एकाला औषध देणं. घटक सुटे करा. त्यातही न्यायव्यवस्था आणि मालमत्तेचे हक्क हे दोन आधी घ्या.

भारताचं उदाहरण या विषयासाठी फार चांगलं आहे, कारण आपल्याकडे एकाच बँकेने दोन्ही टोकं पाहिली आहेत. १९ जुलै १९६९ ला ५० कोटींच्या वर ठेवी असलेल्या १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९८० मध्ये आणखी सहा बँकांचं. त्यानंतरच्या दोन दशकांत बँकेच्या हातात किती निर्णय उरले होते ते बघा. १९९० च्या सुमाराला एसएलआर (ठेवींतला मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवायचा भाग) ३८.५ टक्के आणि सीआरआर (रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायचा भाग) १५ टक्के होता. म्हणजे शंभर रुपये ठेव आली की ५३ रुपये ५० पैसे सरकारी रोख्यांत आणि रिझर्व्ह बँकेत. उरलेल्यातून जे कर्ज द्यायचं त्यातलं ४० टक्के प्राधान्य क्षेत्राला, म्हणजे शेती, लघुउद्योग वगैरेंना. कर्जाचा प्रकार आणि रक्कम पाहून व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या तक्त्यातून. ठेवींचा दर वरून ठरलेला. १९७७ ते १९९० या काळात बँक असलेल्या गावात एक शाखा हवी असेल तर बँक नसलेल्या ठिकाणी चार उघडायच्या. शाखाधिकाऱ्याने ठरवायचं ते इतकंच की समोर बसलेल्या माणसाला फॉर्म द्यायचा की नाही. कर्जमेळाव्यांच्या, म्हणजे जाहीर कार्यक्रमात सरसकट कर्जं वाटण्याच्या, दिवसांत तेही त्याच्या हातात नसायचं.

अशा बँकांची कार्यक्षमता काय निघावी? इथे मला आवडणारा एक निबंध आहे. भट्टाचार्य, लव्हेल आणि सहाय यांनी १९८६ ते १९९१ मधल्या ७० भारतीय बँका डीईए पद्धतीने मोजल्या. या पद्धतीत कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त काम करणाऱ्या बँकांची एक सीमारेषा काढतात आणि बाकीच्या तिच्यापासून किती मागे आहेत ते बघतात. निष्कर्ष निघाला की सरकारी बँका सर्वांत कार्यक्षम, त्यांच्यामागे विदेशी, मग खासगी. मोजणीत चूक नव्हती. ठेवी, कर्जं आणि गुंतवणूक हे उत्पादन धरलं, आणि सरकारी बँकांकडे यांचे डोंगर होते.

पण ती कर्जं परत येत होती का? १९९२-९३ मध्ये उत्पन्न कधी धरायचं आणि बुडीत कर्जासाठी तरतूद किती करायची याचे नवे नियम लागू झाले. तोपर्यंत व्याज हातात आलं नसलं तरी ते उत्पन्नात दाखवायची पद्धत सर्रास होती. नियम बदलले आणि मार्च १९९३ मध्ये सरकारी बँकांचा ढोबळ एनपीए, म्हणजे एकूण कर्जातला थकलेल्या कर्जाचा वाटा, २३.२ टक्के निघाला. दर शंभरातले तेवीस रुपये अडकलेले! दोन वर्षांपूर्वी सीमारेषेवर बसलेल्या बँका याच. सीमारेषा कर्ज मोजत होती, कर्जाची तब्येत मोजत नव्हती.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. एकास चार हा नियम बँकेच्या ताळेबंदासाठी वाईट असला तरी बर्जेस आणि पांडे यांनी २००५ मध्ये दाखवलं की ज्या राज्यांत त्यामुळे ग्रामीण शाखा वाढल्या, तिथे ग्रामीण गरिबी घटली. बँकेची कार्यक्षमता आणि समाजाचा फायदा यांचे रस्ते इथे वेगळे झाले. तुमच्या प्रबंधात 'कार्यक्षमता' कोणाची, हे पहिल्या प्रकरणातच लिहून टाका. नाहीतर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच येईल.

बँक सुधारणांवरच्या १९९१ च्या नरसिंहम समितीनंतर दोऱ्या सैल झाल्या. तपशील बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. १९९४ मध्ये दोन लाखांवरच्या कर्जाचे दर मोकळे, १९९७ मध्ये मुदत ठेवींचे, बचत खात्याचा दर तर थेट २०११ मध्ये. एसएलआर उतरत उतरत आज १८ टक्क्यांवर आला आहे. १९९३ मध्ये नव्या खासगी बँकांना दार उघडलं आणि एचडीएफसी, आयसीआयसीआय, आजची अ‍ॅक्सिस या बँका आल्या. स्पर्धेचा परिणाम आम्ही काउंटरवर पाहिला. पगारदार आणि व्यापारी खातेदार हळूहळू समोरच्या चकचकीत शाखेत गेले, तेव्हा आमच्याकडे संगणकाला असलेला विरोध आपोआप मावळला. २००० ते २००१ च्या स्वेच्छानिवृत्तीत सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसं बाहेर पडली. खर्च उतरला, कामाचा वेग वाढला. या काळाचे आकडे घेतले तर तुमचा सिद्धांत अगदी व्यवस्थित सिद्ध होतो.

आणि इथेच थांबाल तर फसाल. व्याजदर मोकळे, शाखा बऱ्याचशा मोकळ्या, स्पर्धा जोरात, अशा स्थितीत २००४ नंतर वीज, रस्ते, पोलाद यांची प्रचंड कर्जं दिली गेली. कन्सॉर्शियममध्ये, म्हणजे अनेक बँकांनी मिळून द्यायच्या कर्जात, एका मोठ्या बँकेने मूल्यांकन केलं की बाकीच्या त्याच कागदावर मान डोलवायच्या. प्रकल्प अडकले, मग कर्जांची पुनर्रचना झाली, म्हणजे परतफेडीच्या अटी सैल केल्या. जुनं व्याज भरायला नवं कर्ज, म्हणजे एव्हरग्रीनिंग. २००८ नंतर नियमांतल्या सवलतीने हे सगळं 'प्रमाणित', म्हणजे न थकलेल्या कर्जांच्या, वर्गात बसत होतं. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मालमत्तेच्या दर्जाची तपासणी केली आणि झाकण उडालं. मार्च २०१८ मध्ये सरकारी बँकांचा ढोबळ एनपीए १४.६ टक्के होता. सरकारला २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये २.११ लाख कोटींच्या भांडवलाची घोषणा करावी लागली.

म्हणजे दराची मोकळीक मिळून दोन दशकं होत आली तरी 'नाही' म्हणायची मोकळीक आली नव्हती. सरकारी बँकेत ती का येत नाही, हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही. फोन येतात हे खरं, पण फोन हे अर्धं कारण. दुसरं कारण व्हिजिलन्स, म्हणजे दक्षता विभागाची चौकशी. चांगला प्रस्ताव नाकारला तर कोणीही चौकशी करत नाही. मंजूर केलेलं कर्ज पाच वर्षांनी बुडालं तर स्टाफ अकाउंटेबिलिटीची, म्हणजे कोणत्या कर्मचाऱ्याची चूक हे ठरवण्याची, फाईल उघडते आणि निवृत्तीचे पैसे अडकतात. त्यामुळे अधिकारी शिकतो ते असं: लहान, नवख्या उद्योजकाला टाळावं, कारण तिथे सही फक्त आपली, मोठ्या समूहाला द्यावं, कारण तिथे समितीच्या, बोर्डाच्या आणि इतर दहा बँकांच्या सह्या असतात. बुडालं तर सगळ्यांचं बुडालं. बॅनर्जी, कोल आणि डुफ्लो यांनी भारतीय बँकांवर लिहिताना हीच भीती नोंदवली आहे. बँकेला हवं तिथे कर्ज देता येत नाही आणि नको तिथे द्यावं लागतं. या दुहेरी अडचणीसाठी कुठल्याच निर्देशांकात रकाना नाही.

वसुलीचं तेच. १९९३ चा कर्जवसुली न्यायाधिकरणाचा कायदा, तारण मालमत्ता कोर्टाशिवाय ताब्यात घेऊ देणारा २००२ चा सरफेसी, दोन्ही उपयोगी होते, पण मोठा प्रवर्तक वकिलांच्या जोरावर वर्षानुवर्षं कारखान्यात बसून राहायचा. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने खरा फरक केला, आणि तो वसूल झालेल्या रकमेपेक्षा भीतीचा आहे. २०१७ मध्ये कलम २९ए आलं आणि थकबाकीदार प्रवर्तकाला आपलीच कंपनी स्वस्तात परत विकत घेण्याची वाट बंद झाली. एस्सार स्टीलसारखं प्रकरण २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं आणि बँकांच्या हाती सुमारे ४२ हजार कोटी आले. प्रकरण निकाली काढायची ३३० दिवसांची मुदत कागदावरच राहते, ही तक्रार रास्त आहे. तरीही कंपनी हातची जाईल म्हणून दिवाळखोरीचा अर्ज दाखल होण्याआधीच पैसे भरणारे प्रवर्तक मी पाहिले. पूर्वी हे झालं नसतं.

शेतीकर्जाचं बोलू. १९९० ची माफी, २००८ ची केंद्राची माफी, मग महाराष्ट्रात २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची आणि २०१९ ची महात्मा फुले यांच्या नावाची योजना. शेतकऱ्याची अडचण खरी असते, दुष्काळ खरा असतो. पण घोषणेची कुणकुण लागली की नियमित भरणाराही हप्ता थांबवतो, कारण भरणारा मूर्ख ठरतो. शॉन कोल यांनी दाखवलं की निवडणुकीच्या वर्षी सरकारी बँकांचं शेतीकर्ज वाढतं, चुरशीच्या जिल्ह्यांत जास्त वाढतं, आणि शेतीचं उत्पादन त्याने वाढलेलं दिसत नाही. वसुलीचा हक्क अशा वेळी कायद्याच्या पुस्तकात शाबूत असतो आणि गावात नसतो.

आता सगळ्यांत रंजक भाग, आणि तो पुण्याचा आहे. बँक ऑफ महाराष्ट्र. मार्च २०१८ मध्ये तिचा ढोबळ एनपीए १९ टक्क्यांच्या वर होता. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिला प्रॉम्प्ट करेक्टिव्ह अ‍ॅक्शनखाली, म्हणजे पीसीएखाली, टाकलं होतं: शाखाविस्तार, लाभांश, जोखमीची कर्जं, सगळ्यावर बंधनं. स्वातंत्र्याच्या कुठल्याही मोजपट्टीवर ही बँक तेव्हा तळाला होती. जानेवारी २०१९ च्या अखेरीला ती पीसीएमधून बाहेर आली. मार्च २०२५ मध्ये तिचा ढोबळ एनपीए २ टक्क्यांच्या खाली होता आणि कमी एनपीएच्या यादीत ती देशात वरच्या जागांवर होती. या सगळ्या काळात मालक सरकारच होतं, आजही मोठा वाटा सरकारचाच आहे.

मग झालं काय? जुनी घाण ताळेबंदात उघडपणे मान्य झाली, सरकारने भांडवल घातलं, दिवाळखोरी संहितेमुळे वसुलीला दात आले. आणि माझं मत विचाराल तर पीसीएने बँकेला एक विचित्र भेट दिली: मोठ्या जोखमीच्या कर्जाला 'आम्हाला परवानगीच नाही' असं सांगता येऊ लागलं. बंधनाच्या आडून 'नाही' म्हणायचं स्वातंत्र्य मिळालं. पीसीएमधून ती लवकर बाहेर काढली अशी टीका तेव्हा झाली होती, भांडवल मिळाल्यावर लगेच सोडली म्हणून. पुढचे आकडे मात्र बँकेच्या बाजूने आहेत.

उलट बाजूही तितकीच ठोस आहे. ज्यांना परवाना, मालकी, मोकळीक सगळं होतं त्यांतली ग्लोबल ट्रस्ट बँक २००४ मध्ये ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स या सरकारी बँकेच्या गळ्यात पडली. ५ मार्च २०२० ला येस बँकेवर स्थगिती आली, पैसे काढायची मर्यादा ५० हजार झाली आणि वाचवायला स्टेट बँक धावली. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत सप्टेंबर २०१९ मध्ये खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते, कारण कर्जाच्या सत्तर टक्क्यांहून जास्त रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे होती. सहकारी बँकांना तर अनेक वर्षं एक वेगळीच मोकळीक होती: सहकार निबंधक आणि रिझर्व्ह बँक या दोघांच्या मधल्या फटीची. संचालकांच्या सोयऱ्याधायऱ्यांची कर्जं त्या फटीतूनच गेली. २०२० मध्ये बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन ती बरीचशी बुजली.

परदेशातलं एकच उदाहरण देतो. हेरिटेजच्या २००८ च्या यादीत आयर्लंड तिसऱ्या क्रमांकावर होता, फक्त हाँगकाँग आणि सिंगापूरच्या मागे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेर आयरिश सरकारला आपल्या बँकांच्या देण्यांची हमी घ्यावी लागली आणि बँका वाचवण्याचं बिल पुढे सुमारे ६४ अब्ज युरोंवर गेलं. घरबांधणीच्या कर्जांनी फुगलेल्या त्या बँका २००६ पर्यंत कुठल्याही खर्च-उत्पन्न गुणोत्तरावर नमुनेदार दिसत होत्या.

बंधन आणि मोकळीक यांचं चांगलं मिश्रण आपल्याकडे कुठे जमलं असेल तर ते प्राधान्य क्षेत्राच्या प्रमाणपत्रांत. ४० टक्क्यांची सक्ती कायम आहे, पण एप्रिल २०१६ पासून ज्या बँकेने लक्ष्यापेक्षा जास्त कर्ज दिलं ती जास्तीचा भाग प्रमाणपत्र म्हणून दुसरीला विकू शकते. कर्ज आणि जोखीम मूळ बँकेकडेच राहतात. शहरी बँकेला नाईलाजाने गावात दुकान मांडावं लागत नाही आणि खेड्यात चांगलं काम करणाऱ्या बँकेला त्याची किंमत मिळते. या बाजाराकडे संशोधकांनी फारसं पाहिलेलं नाही. विषय शोधत असाल तर हा घ्या.

सरकारी बँका विकाव्यात का? २००० मध्ये सरकारचा वाटा ३३ टक्क्यांपर्यंत उतरवण्याचं विधेयक आलं, मंजूर झालं नाही. २०१४ मध्ये बँकांच्या कारभारावरच्या नायक समितीने वाटा ५० टक्क्यांखाली न्या असं सांगितलं. २०२१ च्या अर्थसंकल्पात दोन बँकांच्या खासगीकरणाची घोषणा झाली, ती तशीच राहिली. माझं मत असं की मालकी ५१ की ४९ याने शाखेत काही बदलत नाही. ५० च्या खाली गेल्यावर बँक दक्षता आयोगाच्या आणि मंत्रालयाच्या कक्षेतून बाहेर पडते का, संचालक मंडळ अध्यक्षाला खरोखर नेमतं आणि काढतं का, यावर बदल ठरेल. हे विक्रीशिवायही करता येतं, पण आजवर कुठल्याच सरकारने मनापासून केलेलं नाही. त्यामुळे विक्रीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा मला पटतो, त्यांची घाई पटत नाही. ज्या दिवशी खासगी बँक बुडताना ठेवीदारांचा विमा आणि दिवाळखोरी यंत्रणा पुरेशी असेल, स्टेट बँकेला बोलवावं लागणार नाही, त्या दिवशी विक्रीला माझा विरोध उरणार नाही. ठेव विमा २०२० मध्ये एक लाखाचा पाच लाख झाला, ही सुरुवात म्हणायची.

प्रबंधासाठी आणखी दोन व्यावहारिक सूचना. उत्पादन म्हणून एकूण कर्जं धरू नका. एनपीए वजा करून धरा, शक्य असेल तर पुनर्रचित कर्जंही वजा करा, कारण २०१५ पूर्वीचे जाहीर एनपीए निम्मी कथाच सांगतात. आणि एखाद्या वर्षाची कार्यक्षमता त्याच वर्षाच्या नफ्याशी जुळवू नका. २००७ चं कर्ज २००७ मध्ये बुडत नाही. त्या वर्षाच्या कर्जाचं काय झालं ते २०१६-१७ च्या तरतुदींत शोधा. बँकनिहाय ताळेबंद रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, जुनी वर्षं वाचायला थोडी चिकाटी लागते एवढंच.